बाबांच्या फायबरच्या गाडीला घरीच हिरवा रंग द्यावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्या शिक्षिका आहेत. त्यांच्या वडिलांनी चाळिशीत असताना एक सिपानी डॉल्फिन, म्हणजे फायबरच्या बॉडीची छोटी मोटार, सेकंडहँड घेतली होती. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. गाडी चालू स्थितीत आहे, घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. मूळचा पांढरा रंग पिवळट पडला आहे, बॉनेटवर आणि दाराच्या बिजागऱ्यांपाशी बारीक तडे आहेत. ताईंना मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या हाताने गाडी गडद हिरवी करायची आहे, कारण वडिलांना हिरवी गाडी हवी होती, ती कधी मिळाली नाही. यजमानांच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसर आहे, स्प्रे गन विकत घ्यायची तयारी आहे. एका पेंटरने ‘फायबरला रंग धरत नाही’ म्हणून काम नाकारलं. दुसरा म्हणाला, रिमूव्हर मारून जुना रंग एका दिवसात उतरवून देतो, पुढचं तुम्ही करा. भाऊ पुण्याहून सांगतो की पांढरा हाच मूळ रंग, तो बदलू नका. आई म्हणते, गाडीला हातच लावू नका. आईंना दमा आहे. ताई विचारतात: फायबर गंजत नाही म्हणजे अर्धं काम कमीच, मग महिनाभरात घरी हे होईल ना? आणि आईचं ऐकावं का?

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी त्या दुसऱ्या पेंटरला थांबवा. त्याने अजून रिमूव्हर मारला नसेल, तर आजच फोन करा. पत्र्याच्या गाडीवर पेंट रिमूव्हर चालतो, कारण रंग फुगून निघतो आणि खालचा पत्रा जसाच्या तसा राहतो. तुमच्या गाडीला पत्राच नाही. तुमची बॉडी म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला घट्ट धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन, त्याच्यावर जेलकोटचा, म्हणजे धागे नसलेल्या गुळगुळीत रेझिनचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. रंगाला फुगवणारा रिमूव्हर या रेझिनलाही फुगवतो, मऊ करतो. वरून धुतलं तरी तो सच्छिद्र जागी आणि तड्यांत मुरून बसतो आणि नव्या रंगाखालून महिन्यांनी फोड बनून वर येतो. फायबरवरचा जुना रंग घासूनच काढायचा, हाताने, सावकाश. यात मला दुसरा पर्याय दिसत नाही.

पहिल्या पेंटरचं म्हणणं अर्धं खरं आहे. फायबरवरून रंग सुटतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पण कारण फायबर नसतं. फायबरचा भाग साच्यातून काढण्यासाठी साच्याला मेण लावतात आणि त्या मेणाचा अंश भागावर राहतो. वर्षानुवर्षांच्या पॉलिशमधलं सिलिकॉन त्यात भर घालतं. उन्हाने जेलकोट खडूसारखा भुकटीचा होतो. अशा पृष्ठभागावर थेट रंग मारला तर तो मेणावर आणि भुकटीवर बसतो, बॉडीवर बसत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या खाऱ्या पाण्यात असतात आणि त्यांच्यावर रंग टिकतो, तेव्हा तुमच्या शेडमधल्या गाडीवर न टिकण्याचं काही कारण नाही. मेण आधी निघालं पाहिजे, एवढंच. आणि इथे क्रम महत्त्वाचा: आधी साबणपाण्याने धुणं, मग मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसणं (एका फडक्याने लावायचं, सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं) आणि त्यानंतरच घासणं. आधी घासलं तर पॉलिश पेपर तेच मेण ओरखड्यांत खोलवर ढकलतो. मग रंग मारताना जागोजागी गोल डोळे, म्हणजे रंग न धरलेले खळगे, पडतात आणि पेंटर म्हणतो, बघा, फायबरला रंग धरत नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येऊ, ‘फायबर गंजत नाही म्हणजे अर्धं काम कमीच’. बॉडी गंजत नाही हे बरोबर. पण डॉल्फिन ही इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली गाडी. १९८२पासून बंगळूरला बनायची. तिची फायबरची बॉडी लोखंडी चॅसीवर बोल्टांनी बसवलेली आहे. वरची बॉडी चाळीस वर्षांनंतरही धड दिसते म्हणूनच खालच्या चॅसीकडे कुणाचं लक्ष जात नाही. पत्र्याची गाडी गंजून आपली अवस्था बाहेरून सांगते, फायबरची सांगत नाही. म्हणून रंगाचं सामान आणण्याआधी गाडी रॅम्पवर चढवा, चॅसीच्या दोन्ही बाजू आणि बॉडी जिथे बोल्टांनी धरली आहे त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. वेल्डिंग लागणार असेल तर ते रंगाच्या आधी. वेल्डिंगची ठिणगी आणि उष्णता फायबरला लागता कामा नये, त्यामुळे त्या जागी बॉडी थोडी उचलावी किंवा ओल्या जाड गोणपाटाने झाकावी लागते. नव्या रंगानंतर हे काम निघालं तर तुमचा सगळा महिना फुकट जाईल.

तुम्ही पत्रात तड्यांचा उल्लेख एका ओळीत करून पुढे गेलात. मला मात्र या कामातली सगळी मेख तिथेच वाटते, म्हणून जरा थांबते.

तुमचे तडे दोन प्रकारचे असावेत. बॉनेटवरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका मध्यबिंदूतून पसरलेले असतील, तर तिथे कधीतरी काही आदळलं आहे, बहुधा आतून. बॉनेट उघडा आणि त्याच जागी मागून पाहा. बिजागऱ्यांपाशी सरळ किंवा समांतर तडे असतील तर ते रोजच्या ताणाचे आहेत: दाराचं वजन, बोल्ट जास्त आवळणं, घासलेली पिन. पहिल्या प्रकारात इजा होऊन गेलेली असते, दुसऱ्या प्रकारात ती अजून चालू असते. लांबी (पुट्टी) भरून दोन्ही सारखेच झाकले जातात. पण बिजागरीजवळचा तडा दार शंभरदा उघडलं-मिटलं की नव्या रंगातून पुन्हा त्याच रेषेत डोकावतो. आधी बिजागरीची पिन बदला, मग मागच्या बाजूने मजबुती द्या, मग पुढून तडा बुजवा.

मजबुती द्यायची म्हणजे काय करायचं? मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करायची, अ‍ॅसिटोनने पुसायची आणि रेझिनमध्ये भिजवलेल्या मॅटचे दोन-तीन थर द्यायचे, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ब्रशने टोचून हवा काढायची. पुढच्या बाजूने तडा कानशीच्या टोकाने किंवा छोट्या ग्राइंडरने इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडायचा, जेलकोटच्या खालच्या घट्ट थरापर्यंत. तडा बुजवायचा तर आधी तो मोठा करावा लागतो, आणि नवशिक्याचा हात नेमका इथे थरथरतो. न उघडता वरून लांबी फासली तर ती फटीत उतरतच नाही, नुसती वर बसते. उघडलेली खाच फायबरचे धागे मिसळलेल्या लांबीने भरा, वरचा शेवटचा हात बारीक लांबीचा. एक बारीकशी गोष्ट: दुरुस्तीला एपॉक्सी वापरलीत तर तिच्यावर पॉलिस्टरचा जेलकोट किंवा रेझिन चढवू नका, ते नीट धरत नाही. उलटं चालतं, पॉलिस्टरवर एपॉक्सी छान बसते.

आणि एक इशारा, जो दुकानदार बहुतेकदा देत नाही. फायबरच्या सामानाच्या दुकानात रेझिनबरोबर दोन छोट्या बाटल्या मिळतात, जांभळट ‘कोबाल्ट’ आणि पाण्यासारखा दिसणारा ‘हार्डनर’. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर, तोही साधारण एक ते दोन टक्के. दोन वेगळे चमचे, दोन वेगळ्या जागा, डोळ्यांवर चष्मा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. शक्य असेल तर कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

हे सगळं वाचून धास्ती वाटली तर तड्यांचं काम फायबरवाल्याकडून करून घ्या. गाड्या रंगवणाऱ्याकडून नको. पाण्याच्या टाक्या, बसचे पुढचे भाग, होड्या करणारी माणसं ती मॅट रोज हाताळतात. त्यांना तुमचा तडा पाहताच मागे किती थर लागतील ते कळेल.

घासण्याचं काम मात्र स्वतःच करा, ते तुमचं आहे. ते करताना तुम्हाला गाडीचा इतिहास दिसेल. रंगाचा एखादा टवका उडालेली जागा घ्या आणि तिच्या कडेने १८० ते २४० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने गोल घासा. झाडाच्या बुंध्यावरच्या वलयांसारखी वलयं उमटतात: वरचा पांढरा, खाली प्रायमरचा करडा, त्याखाली कदाचित आणखी एक पांढरा, मग जेलकोट. ही वलयं मोजणं गरजेचं आहे, कारण रंगाची जाडी मोजायचं पेंटरकडचं नेहमीचं मीटर धातूवरच चालतं, फायबरवर ते काहीच सांगत नाही. थर दोनच असतील आणि पक्के असतील तर सगळं खरवडायची गरज नाही. ४०० नंबरने घासून चकाकी घालवा आणि पुढे जा. चार-पाच थर निघाले, तर त्यांच्यावर आणखी चढवणं म्हणजे तड्यांना आमंत्रण आहे, तेव्हा जेलकोट दिसेपर्यंत उतरवा. जेलकोटच्या खाली मात्र जाऊ नका. पॉलिश पेपरखाली काचेचे धागे दिसू लागले की तिथेच थांबा.

जुना रंग कुठल्या जातीचा आहे तेही आधीच पाहा. नंबर प्लेटच्या मागे कापसाला थिनर लावून अर्धा मिनिट घासा. कापसाला रंग लागला तर तो जुना लॅकर, म्हणजे थिनरने विरघळणारा रंग, आहे आणि त्याच्यावर आजचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग थेट मारला तर सुरकुत्या पडण्याची भीती असते. अशा वेळी मध्ये एपॉक्सी प्रायमरचा पडदा लागतो, आणि तोही आधी वीतभर जागेवर मारून दोन दिवस वाट पाहून. पत्र्यासाठीचा एच (इंग्रजी ‘etch’) प्रायमर दुकानदार सवयीने देईल. तो नको. धातूला चावून बसण्यासाठी तो बनवलेला असतो, इथे चावायला धातू नाही.

फायबरची धूळ अंगाला खाजवते आणि फुप्फुसाला वाईट. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिसंही असू शकतं. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चांगला एन-९५ मास्क आणि शक्य तिथे पाणी घालून वॉटर पेपरने घासणं. पाणी वापरलंत की वाळवायला भरपूर वेळ द्या. जिथे जेलकोट फाटून धागे उघडे पडले आहेत तिथे पाणी धाग्याच्या कडेने आत शिरतं आणि वरून कोरडं दिसूनही आत राहतं. त्याच्यावर प्रायमर मारला की उन्हात फोड येतात. मेमधल्या सांगलीच्या उन्हात तीन-चार दिवस गाडी उघडी ठेवली तर हा धोका टळतो. ही कामाची एकच बाब अशी आहे जिथे तुमचा महिना अगदी योग्य निवडलेला आहे.

आता गनबद्दल. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि गोलमोल बोलणार नाही: पीयू रंग, ज्यात हार्डनर मिसळावा लागतो, तो तुम्ही शेडमध्ये मारू नये.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवाऱ्यातून ते सूक्ष्म थेंब होऊन हवेत तरंगतं. त्याने निरोगी माणसालाही दमा लागू शकतो. आणि शरीराने एकदा त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही झटका येतो, आयुष्यभर. नाकाला त्याचा वास इशारा देण्याइतका येत नाही. त्यामुळे कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क घातला तरी तो कधी संपला ते कळायला मार्ग नसतो. व्यावसायिक रंगारी बाहेरून शुद्ध हवा येणारा मास्क वापरतात, म्हणजे वापरायला हवा. तुमच्या यजमानांच्या कॉम्प्रेसरची हवा त्या मास्कला जोडून चालणार नाही, तिच्यात तेलाचा अंश असतो. (तोच तेलाचा अंश आणि पाणी रंगातही डोळे पाडतात, हे वेगळंच.) आणि भिंतीपलीकडे दम्याच्या आई आहेत. त्यांना दोन दिवस मावशीकडे पाठवून हा प्रश्न सुटतो असं तुम्ही लिहिलंत. पण शेजारी कुणाला पाठवणार? आणि तुम्ही स्वतः?

मग स्वतःच्या हाताने करायची इच्छा सोडून द्यायची का? मुळीच नाही. फायबरच्या गाडीत रंगाचं यश जवळजवळ सगळं खालच्या कामात असतं. धुणं, घासणं, तडे, लांबी, पुन्हा घासणं, हे तुम्ही करता. शेवटचा प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) एखाद्या बूथ, म्हणजे रंगकामाची बंद खोली, असलेल्या वर्कशॉपमध्ये मारून घ्यायचा. हे ठरवताना आधीच बोलून घ्या, कारण ‘खालचं काम आमचं नाही, गॅरंटी देणार नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल आणि त्यात त्यांची चूकही नाही. उपाय असा: प्रायमरच्या टप्प्यावर गाडी त्यांना दाखवा. सरफेसरवर (घासून सपाट करायच्या जाड प्रायमरवर) काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ६०० नंबरने घासलं की खड्डा असेल तिथे काळा ठिपका राहतो. एकही ठिपका उरला नाही अशी गाडी घेऊन गेलात तर चांगला पेंटर नाही म्हणणार नाही. दोन गोष्टी त्याला निक्षून सांगा. बूथची उष्णता पत्र्याच्या गाडीइतकी नको, हवेवर किंवा मंद आचेवर सुकू द्या. जास्त तापलं की फायबरमधल्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतली हवा फुगून रंगात फोड आणते. आणि रंग मारण्याच्या लगेच आधी चिकट फडक्याने पुसा. फायबरमधून वीज वाहून जात नाही, घासल्याने तिच्यावर स्थिर वीज साचते आणि बूथमधला सगळा कचरा ती स्वतःकडे ओढते.

बूथ परवडत नसेल किंवा शेवटचा हातही तुमचाच असावा असा हट्ट असेल, आणि तो हट्ट मला समजतो, तर साधा एका डब्याचा सिंथेटिक इनॅमल आणि बारीक स्पंजचा रोलर. पातळ केलेला रंग, रोलरचा पातळ हात, मागोमाग चांगल्या ब्रशच्या टोकाने हलकं सारखं करणं, रात्रभर वाळवणं, दर दोन हातांनंतर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासणं. असे पाच-सहा हात झाल्यावर रबिंग, म्हणजे कंपाउंडने घासून चकाकी आणणं. दाराखिडक्या सताड उघड्या ठेवून, मास्क लावून, आई दुसऱ्या टोकाच्या खोलीत. चकाकी पीयूइतकी येणार नाही आणि काही वर्षांनी फिकी पडेल, पण आयसोसायनेट नाही. शेडमध्ये राहणाऱ्या, महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या गाडीला हे पुष्कळ आहे.

ज्या वाचकांकडे डॉल्फिन नाही पण जीपचं फायबरचं हूड आहे, मोटारसायकलचा साइडकार आहे, बाहेरून बसवलेला बंपर आहे, त्यांनी आधी भाग उलटा करून पाहावा. मागे धागे आणि खडबडीतपणा दिसला तर फायबर, आणि वरचं बहुतेक सगळं लागू. दोन्ही बाजू गुळगुळीत असतील आणि भाग वाकवल्यावर लवत असेल तर ते प्लॅस्टिक. त्याला वेगळा प्लॅस्टिक प्रायमर लागतो.

रंगाकडे वळू. तुम्ही गडद हिरवा म्हणता. कुठला गडद? लष्करी गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा असेल तर तो विषय इथेच संपतो: केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमानुसार संरक्षण खात्याखेरीज कुणालाही गाडीला तो रंग देता येत नाही. दुसरा कुठलाही हिरवा चालेल, पण आरसीवर तुमच्या गाडीचा रंग पांढरा लिहिलेला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमाखाली आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार नोंदवावा लागतो. त्यामुळे रंगाआधी आरटीओत जाऊन विचारा, अर्ज करा, गाडीचे आधीचे फोटो काढून ठेवा, नंतर आरसीवर नवा रंग चढवून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतंच. तुमची तारीख जवळ असेल तर तपासणीच्या दिवशी आरसीवर पांढरी आणि समोर हिरवी अशी गाडी उभी करू नका.

माझी खरी हरकत ‘गडद’ या शब्दाला आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, गडद रंग पितो. दुपारच्या उन्हात गडद पॅनेल ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतं आणि साधं पॉलिस्टर रेझिन त्या सुमारास नरम पडायला लागतं. मग मॅटचे धागे रंगातून नक्षीसारखे उमटतात, बॉनेटला लाटा येतात, दुरुस्तीच्या ठिगळांच्या कडा दिसू लागतात. पांढऱ्याखाली लपलेला प्रत्येक दोष गडद रंग दाखवतो. गाडी शेडमध्ये असते हे खरं, पण पत्र्याच्या शेडखाली मेमध्ये काय तापतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तुमच्या जागी असते तर फिकट हिरवा घेतला असता, पोपटी-पिस्त्याच्या मधला. तो हिरवाच आहे आणि त्या छोट्या गाडीला शोभेल. पण समजा गडदच हवा. तर बॉनेटवर आणि टपावर जी दुरुस्ती कराल ती रंगाआधी पूर्ण पिकू द्या, म्हणजे रेझिन आतपर्यंत घट्ट होऊ द्या. ते कसं, हे मी शेवटी सांगणार आहे.

दारं उघडल्यावर आतली चौकट, बॉनेटखालचा भाग, डिकीचा काठ, हे सगळं आज पांढरं आहे. बाहेरून हिरवी आणि दार उघडलं की पांढरी कड, हे काही दिवसांनी डोळ्यांत खुपायला लागतं. ते रंगवायचं तर रबर, कुलूप, काचांच्या पट्ट्या उतरवाव्या लागतात आणि डॉल्फिनची रबरं आज सहज मिळत नाहीत. रंग बदलणं हे त्याच रंगात रंगवण्याच्या जवळजवळ दुप्पट काम आहे, ते इथे. काचांची रबरं जुनी, कडक झालेली असतील तर ओढू नका. रबराच्या ओठाखाली जाड सुतळी सरकवून तो उचलून धरा आणि मास्किंग टेप आत खोचा.

आता आई. तुम्ही लिहिता, ‘आईला वाटतं गाडीला हात लावला की बाबांची आठवण पुसली जाईल, आणि तिला कसं समजवायचं ते कळत नाही.’ हे आईंनी म्हटलं आहे, की तुम्हाला वाटतं? पत्रात आईंचं वाक्य एकच आहे: ‘गाडीला हातच लावू नका.’ त्याचा अर्थ दुःखाचा असेल. पण ज्या बाईने आयुष्यभर दम्याशी गाठ ठेवली आहे तिला घराला लागून महिनाभर थिनरचा वास नको असेल, हेही शक्य आहे. किंवा गाडी सुटी होऊन पडेल आणि पुन्हा जुळणारच नाही अशी भीती असेल, जी फार अवास्तव नाही. कित्येक जुन्या गाड्या अशाच उघडून ठेवलेल्या अवस्थेत संपल्या आहेत. आईंना हिरव्या रंगाबद्दल विचारू नका. त्यांना विचारा, गाडीचं काय झालेलं तुम्हाला आवडेल? आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. त्यांच्याकडे त्या हिरव्या गाडीबद्दल तुम्हाला ठाऊक नसलेलं काहीतरी असेल. बाबा तुमच्याशी बोलले तसे त्यांच्याशीही बोलले असणार.

भावाचा मुद्दा मी हलका मानत नाही. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि त्यानंतर डॉल्फिनसारख्या गाड्या रस्त्यावरून हळूहळू गेल्या. चालू स्थितीतली डॉल्फिन आज सहसा दिसत नाही. उद्या कुणी तिची कदर करेल तर मूळ रंगाला किंमत आहे. पण तुमचा मूळ पांढरा किती मूळ आहे ते वलयं सांगतील. वरचा पांढरा मधल्या कुण्या मालकाने दिलेला निघाला, तर भावाचा आग्रह आपोआप सैल होईल. आणि जेलकोटला धक्का लावला नाहीत तर हे सगळं परतवता येण्यासारखं आहे. शिवाय एक पायरी अशी आहे जी तुम्ही तिघंही आज मान्य कराल: रंग न देता आधी बॉनेटचा चतकोर भाग कटिंग कंपाउंडने घासून, पॉलिश करून पाहा. पिवळटपणा पुष्कळदा वरच्या पापुद्र्यातच असतो. खालून स्वच्छ पांढरा निघाला तर निर्णय वेगळा होऊ शकतो. फक्त सिलिकॉन असलेलं पॉलिश वापरू नका, पुढे रंग द्यायचा झाला तर तेच आडवं येईल.

महिनाभरात होईल का, याचं उत्तर नाही, आणि घाईने करूही नका. मे महिन्यात चॅसी तपासा, धुवा, घासा, तडे उघडा, मागून मॅट द्या, लांबी भरा. मग गाडी त्याच अवस्थेत एपॉक्सी प्रायमरच्या एका हातानिशी उन्हात काढा, दिवसभर, आणि पुढचे काही आठवडे जमेल तेव्हा. हा प्रायमरही दोन डब्यांचा असतो, पण त्याच्या नेहमीच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसतं. डब्यावर वाचून खात्री करा आणि तो फवारू नका, रोलरने लावा, हातमोजे घालून, कारण त्वचेला एपॉक्सी बाधते. उन्हात ठिगळं पिकतात, आकसतात, बसायचं तेवढं बसतात. दोष येणार असतील तर ते प्रायमरवर येऊ द्या, हिरव्यावर नको. पावसाळ्यात रंगाचं नाव काढू नका. दमट हवेत लॅकर पांढरा पडतो, पीयूत फोड येतात, इनॅमल चिकट राहतो. त्या चार महिन्यांत बिजागऱ्या, रबरं, चॅसीचा गंज, आरटीओचा अर्ज आणि आईंशी बोलणं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सरफेसर आणि रंग, सगळा रंग एकाच वेळी एकाच मिश्रणाचा घेतलेला, कारण नंतर आणलेल्या डब्याची छटा हुबेहूब जुळत नाही.

म्हणून आत्ता दुकानात जाल तेव्हा पॉलिश पेपर, रेझिन, मॅट, लांबी आणि प्रायमर एवढंच घ्या. सूट मिळते म्हणून पीयूचा सेट आणून ठेवू नका. त्याचा हार्डनर हवेतली ओल शोषतो, एकदा झाकण उघडलं की पावसाळ्यात डब्यातच घट्ट होतो, आणि दिवाळीपर्यंत तुम्ही सगळे मिळून हिरव्याची कुठली छटा निवडाल ते आज कुणाला सांगता येणार आहे?